प्रेम व आपुलकीपोटी

डेल्फिया गेहार्टचं नाव कबरीच्या दगडावर कोरून तयार होतं. तिचं मरायचं तेवढं राहिलं होतं. नवरा आर्लिस गेला तेव्हाच तिने जोडदगड घेतला होता. डाव्या बाजूला त्याचं नाव, जन्म आणि मृत्यू. उजव्या बाजूला तिचं नाव, जन्म, आणि पुढे गुळगुळीत मोकळी जागा. केंटकीच्या त्या डोंगरात सगळ्याच बायका असं करतात, त्यात कुणाला काही अशुभ वाटत नाही. मे महिन्यातल्या शेवटच्या रविवारी कबरी सजवायला सगळं गोत वर जमलं, की डेल्फिया आपल्याच नावावरचं शेवाळ ओल्या फडक्याने पुसायची आणि मग तिथेच चादर अंथरून तळलेली कोंबडी न् बटाट्याचं सॅलड वाढायला घ्यायची. कुठे पडायचं ते ठरलेलं असलं की माणसाला मरणाचं फारसं काही वाटत नाही. तिलाही वाटत नव्हतं.

यंदाच्या रविवारी मात्र ती चढण चढून गेली तर वाटेत लोखंडी फाटक आडवं. डोंगर गेल्या वर्षी फ्लोरिडाच्या एका माणसाने घेतला होता, हरणांच्या शिकारीसाठी. स्वतः वर्षातून एकदा यायचा; बाकी दिवस त्याचा राखणदार. राखणदार तसा बरा माणूस होता. त्याने फाटक उघडून दिलं आणि सांगितलं की कायद्याने तुम्हाला कबरी बघायला येता येतं, दिवसाउजेडी, आधी फोन करून, त्याला मालकाची ना नाही.

"आणि मला न्यायची वेळ आली म्हणजे?" डेल्फियाने विचारलं.

राखणदाराने मान खाजवली. ज्या कबरी आहेत त्यांना मालक धक्का लावणार नाही, पण नवीन कबर नको म्हणतो, एवढं तो तिच्या हातातल्या पातेल्याकडे बघत बोलला.

"म्हणजे माझा दगड वर आणि मी खाली."

"मी नोकर माणूस आहे, बाई," तो म्हणाला.

आर्लिसच्या शेजारची ती सहा फूट जमीन म्हणजे तिची उरलेली सगळी इस्टेट होती. मूलबाळ नव्हतं. खाली ओढ्याकाठी रस्त्याला लागून एक घर होतं, पण घर काय, कुणाचं तरी होणारच. ती जागा तिची एकटीची होती, आणि तिथे नाव घातलेलं होतं.

बरं, फाटक सगळ्यांना सारखं असतं तर तिने एक वेळ नशिबाला बोल लावला असता. पण डोंगराच्या पलीकडच्या उताराला साइझमोरांच्या कबरी होत्या. तो उतारही याच माणसाने घेतला होता, तिथेही फाटक होतं, आणि त्या फाटकाची चावी साइझमोरांच्या घरात खिळ्याला टांगलेली होती. मार्चमध्ये त्यांनी त्यांचा म्हातारा हॉबर्ट वर नेऊन पुरला, गाडीघोड्यासकट, गाजावाजा करून. साइझमोरांना चावी आणि गेहार्टांना राखणदार, हा काय प्रकार? डेल्फियाच्या मते त्याला एकच उत्तर होतं, आणि त्या उत्तराचं नाव लॉनी.

लॉनी तिच्या धाकट्या दिराचा एकुलता मुलगा. दीर डेन्व्हर आणि जाऊ वर्सी दोघंही जाऊन वरच निजली होती, आणि डोंगर लॉनीकडे आला होता. खाण बंद पडल्यावर त्याने तो विकला. विकताना कबरींची जागा वेगळी काढून ठेवावी, एवढी अक्कल साइझमोरांच्या अडाणी पोरांना होती आणि याला नव्हती? नव्हती कशी, होती, पण वरचे पैसे घेऊन त्याने ती गिळली, असं डेल्फियाने ठरवून टाकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणून गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. पुढच्याच रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी विचारलं, आज कुणासाठी प्रार्थना करायची आहे का? कुणी आजाऱ्याचं नाव घेतलं, कुणी तुरुंगातल्या नातवाचं. डेल्फिया उठली आणि सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझ्या पुतण्यासाठी करा. लॉनीसाठी. त्याने स्वतःची आई विकली."

लॉनी मागच्या बाकावर होता. त्याने गुडघ्यावरची टोपी उचलली आणि तो बाहेर गेला. परत चर्चमध्ये आला नाही.

लोकांनी कुजबूज केली, पण डेल्फियाला कुजबूज नको होती, पुरावा हवा होता. म्हणून ती काउंटीच्या कचेरीत गेली.

दस्तांच्या खोलीत ट्वायला बसायची. लहानपणी डेल्फियाच्या रविवारच्या शाळेत होती, म्हणून अजून तिला बाई म्हणायची. काय हवंय ते ऐकून ट्वायलाने खुर्ची दिली आणि रीत समजावली: आजच्या मालकापासून सुरुवात करायची आणि मागे मागे जायचं, याला कुणी दिली, त्याला कुणी दिली. अलीकडचं सगळं संगणकावर होतं. जुन्यासाठी भिंतीतल्या लोखंडी फळ्यांवरून पुस्तकं ओढून काढावी लागत, आणि ती एवढी जड की दोन बायकांनी मिळून मेजावर ठेवायची.

लॉनीचं विक्रीखत निघायला वेळ लागला नाही. ट्वायलाने ते वाचून दाखवलं. डोंगर, ओढा, कडेचे दगड, सगळं होतं. कबरींचं नाव नव्हतं.

"सापडला," डेल्फिया म्हणाली. "याची नक्कल दे मला. शिक्का मारून दे."

"थांबा, बाई. घाई नका करू." ट्वायलाने पडद्यावर बोट ठेवलं. "इथे काय म्हटलंय, डेन्व्हरला जी जमीन मिळाली तीच ही जमीन. म्हणजे डेन्व्हरच्या खतात कबरींची जागा वगळलेली असेल, तर ती डेन्व्हरची कधी झालीच नाही. त्याची नाही तर लॉनीची नाही, आणि लॉनीची नाही तर या फ्लोरिडावाल्याचीही नाही. लॉनीने काही का विकेना."

"मग कुणाची?"

"ज्याने डेन्व्हरला दिली त्याची. म्हणजे आर्लिसची. म्हणजे आता तुमची."

आत आल्यापासून पहिल्यांदा डेल्फियाने पाठ खुर्चीला टेकवली. आर्लिसला खाणीच्या धुळीने दम लागायला लागला, डोंगर चढवेना, तेव्हा त्या दोघांनी डोंगर डेन्व्हरच्या नावावर करून दिला होता आणि खाली ओढ्याकाठी घर बांधलं होतं. आर्लिस सरळ माणूस, पण बावळट नव्हता. आईबाप वर असताना त्याने ती जागा सोडली असेल? शक्यच नाही. फाटकाला लाथ मारून उघडताना राखणदाराचं तोंड कसं दिसेल, ते तिच्या डोळ्यांपुढे येऊन गेलं. लॉनीचंही आलं. त्यालाही एक दिवस बोलवायचं वर, तिने मनात ठरवलं. चोर असला तरी त्याचे आईबाप आहेत.

दोघींनी मिळून पुस्तक मेजावर आणलं. ट्वायलाने पान काढलं आणि वाचायला लागली. आर्लिस गेहार्ट व त्यांची पत्नी डेल्फिया यांजकडून, डेन्व्हर गेहार्ट व त्यांची पत्नी वर्सी यांस, एक डॉलर व परस्परांवरील प्रेम व आपुलकीपोटी. मग डोंगर आला, ओढा आला, हद्दीचं चेस्टनटचं झाड आलं, जे डेल्फियाच्या लग्नाआधीच रोग पडून वाळलं होतं. मग सह्या आल्या. कबरी आल्याच नाहीत.

"परत वाच," डेल्फिया म्हणाली.

ट्वायलाने परत वाचलं. मग पुस्तक तिच्याकडे फिरवलं. खाली आर्लिसची सही होती, दम लागलेली, वर चढत गेलेली, आणि तिच्याखाली डेल्फियाची स्वतःची, ठसठशीत. लॉनीचा गुन्हा बाहेर काढायला आलेल्या बाईला स्वतःचीच सही सापडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि सही बघितल्याबरोबर तिला तो दिवस आठवला. खरं म्हणजे ती तो दिवस कधी विसरलीच नव्हती. उलट तिने तो वर्षानुवर्षं चवीने सांगितला होता, घेवड्याच्या शेंगा मोडताना, रजई शिवताना, ऐकेल त्या बाईला.

वकिलाच्या खोलीत चौघं बसली होती. वकील लिहीत होता. मध्येच वर्सी, जी एरवी चारचौघांत तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, "जाऊबाई, कबरींची जागा तुमच्याकडे राहिली असं लिहून घ्या. उद्या कोण असेल, कोण नसेल. दोन ओळी लिहायला काय जातं?"

वकिलाने लेखणी थांबवली होती. त्याने आर्लिसकडे बघितलं, आर्लिसने डेल्फियाकडे. आणि डेल्फियाच्या टाळूला आग लागली. डोंगर फुकट मिळतोय, आणि ही कालची आलेली बाई आम्हाला अटी शिकवते!

"आमच्या मेलेल्यांकडे जायला आम्हाला तुझी चिठ्ठी लागणार का गं?" ती म्हणाली होती. "का फाटक न् कुलूप आत्ताच आणून ठेवलंयस?"

वर्सीचा चेहरा लाल झाला. डेन्व्हर खिडकीबाहेर बघत राहिला. घरातल्या घरात कशाला लिहायचं, राहू दे, असं आर्लिसच म्हणाला, पण बायको शांत व्हावी म्हणून म्हणाला. वकिलाने पुढची ओळ लिहिली. वर्सी परत त्यावर एक अक्षर बोलली नाही. मरेपर्यंत तिने जावेशी अदबीने वागून घेतलं आणि डेल्फियाने तो आपला विजय मानला.

"याच्या आधीचं बघ," डेल्फिया ट्वायलाला म्हणाली. "सासऱ्यांनी आर्लिसला दिलं ते. म्हातारे फार पुढचं बघणारे होते."

ट्वायलाने आणखी एक पुस्तक काढलं. सासऱ्यांनी आर्लिसला: प्रेम व आपुलकीपोटी. आणखी एक काढलं. आजेसासऱ्यांनी सासऱ्यांना: प्रेम व आपुलकीपोटी. तिथे तर सहीच्या जागी नुसती फुली होती. जमीन बापाकडून लेकाकडे आणि भावाकडून भावाकडे हसतखेळत गेली होती. कबरी लिहून ठेवाव्यात असं कुणालाच वाटलं नव्हतं, कारण लिहायचं म्हणजे पलीकडच्यावर संशय घ्यायचा, आणि गेहार्टांनी एकमेकांवर कधी संशय घेतला नाही. पंचक्रोशीत त्यांच्या एकोप्याचे दाखले देत. तेलाच्या दिव्यांच्या काळापासून आजपर्यंत सगळं खानदान एका तोंडी शब्दाने बांधलेलं होतं, आणि आता तो शब्द विचारायला एकही जण जिवंत नव्हता.

"मग साइझमोरांकडे काय आहे?" डेल्फियाने विचारलं.

ट्वायलाला ते न शोधता माहीत असावं. ती सरळ एका पुस्तकाकडे गेली. नुकत्याच गेलेल्या हॉबर्टच्या बापाचं आणि चुलत्याचं ते खत होतं. त्या दोघा भावांची गोष्ट डोंगरात सगळ्यांना ठाऊक होती. एका डुकरिणीवरून वाजलं, मग एकाने दुसऱ्याच्या कुत्र्याला गोळी घातली, आणि त्यानंतर दोघं चर्चमध्येही एकमेकांकडे पाठ करून बसायचे. जमिनीची वाटणी झाली तेव्हा दोघांनी दोन वकील आणले. आणि काय तो दस्त! अर्धा एकर, चार कोपऱ्यांना चार लोखंडी खुंट. सोळा फूट रुंद वाट, बारा महिने मोकळी, बैलगाडीला, मोटारीला न् पायी माणसाला. तिथे पुरायचा हक्क वंश असेपर्यंत. सदर जमीन घेणाराने किंवा त्याच्यामागून येणाराने सदर वाट नांगरू नये, अडवू नये, तिच्यावर गुरं बांधू नयेत, कुलूप लावल्यास चावी द्यावी. प्रेमाचं नाव नव्हतं. आपुलकीचं तर नव्हतंच.

"एकमेकांचा विश्वास नव्हता ना," ट्वायला जरा बिचकत म्हणाली. "म्हणून शब्द न् शब्द लिहून घेतला."

डेल्फिया हसली. ते हसू ट्वायलाला आवडलं नाही. तिने प्यायला पाणी आणून दिलं.

"आमच्यात एखादं बरं भांडण व्हायला हवं होतं," डेल्फिया म्हणाली. "आणि आयतं होत होतं. मीच होऊ दिलं नाही."

नक्कल न घेताच ती उठली.

लॉनी आता टायरच्या दुकानात कामाला होता. ती गेली तेव्हा तो एका ट्रकच्या चाकाशी वाकला होता. तिला बघून तो सरळ झाला. शिव्या खायच्या तयारीने उभा राहिला. तिने सरळ विचारलं की ते खत केलं त्या दिवसाचं तुला ठाऊक होतं का.

"आई सांगायची," लॉनी म्हणाला. "शेवटी आजारी होती तेव्हा पुष्कळदा सांगायची. तिला वाटायचं, तू तिला कुलूप लावणारी समजलीस."

"मग त्या दिवशी चर्चमध्ये तोंड शिवलं होतं का तुझं? मी एवढं बोलले ते?"

लॉनीने चिंधीला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"सगळ्यांसमोर तुला काय बोलणार, काकू?"

त्या रविवारपासून गावाने त्याला आईविक्या म्हटलं, आणि या मूर्ख माणसाने एका वाक्यात सुटण्यासारखं असून ते वाक्य गिळलं. हाही गेहार्टच. याच्याही पोटात तीच ती आपुलकी.

मग तो आपणहून बोलला. विकताना त्यालाही वकीलबाईंनी विचारलं होतं, काही राखून ठेवायचंय का? त्याला वाटलं, ती खनिजांचं विचारते आहे. कबरी कुणी विकत घेतं हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. घरात आजवर कुणी लिहिलं होतं? त्याचेही आईबाप तिथेच होते. त्यालाही आता फोन करून जावं लागायचं. मग त्याने एक तोड काढली. शवपेटीवाल्याकडे त्याने चौकशी केली होती, वारसांनी मागितलं तर पेटी काढून दुसरीकडे हलवता येते. आर्लिसकाकाला खाली आणू, दगडासकट, आणि दोघांना एकत्र ठेवू.

डेल्फिया नाही म्हणाली. आर्लिसने शेवटची वर्षं खुर्चीत बसल्या बसल्या काढली होती, आडवं पडलं की श्वास अडायचा म्हणून. त्याला एकदाचं आडवं पडता आलं ते वरच. "त्याला आता उठवायचं नाही," ती म्हणाली.

माफी मागायची म्हणून ती गेली होती. जीभ वळली नाही. निघताना तिने त्याला सांगितलं की टोपी धुवायला टाक, घामाने कडक झाली आहे.

उन्हाळा सरता सरता ती वकिलाकडे गेली. बैल गेला आणि झोपा केला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पण झोपा करायचाच तर भक्कम करायचा, असं तिने ठरवलं. ओढ्याकाठचं घर लॉनीच्या नावावर करून देणारं खत तिने लिहून घेतलं. घर त्याचं, अंगण त्याचं, फक्त मागच्या कुंपणाशी सफरचंदाच्या झाडाखालचा तिच्या कबरीपुरता तुकडा वगळून. तो तुकडा किती फूट बाय किती फूट, कोपऱ्यांना लोखंडी खुंट, रस्त्यापासून तिथपर्यंतची वाट सोळा फूट रुंद, बारा महिने मोकळी. घेणाराने किंवा त्याच्यामागून येणाराने ती अडवू नये, कुलूप लावू नये. साइझमोरांच्या खतातून तिने ते शब्द जसेच्या तसे उतरवून नेले होते. वकिलाने काही घालायचं सुचवलं की ती मान हलवून नाही म्हणायची.

सही करायला ती लॉनीला घेऊन काउंटीच्या कचेरीत आली. ट्वायलाने दस्त वरपासून खालपर्यंत वाचला, खुंट मोजले, आणि मग पुन्हा पहिल्या ओळीवर आली.

"बाई, इथे मोबदला म्हणून नुसता एक डॉलर लिहिलाय," ती म्हणाली. "घरातल्या घरात असलं की 'प्रेम व आपुलकीपोटी' असं घालतात ना. वकील विसरले वाटतं. मी फोन करू?"

"विसरला नाही. मीच काढायला लावलं."

ट्वायलाने लॉनीकडे बघितलं. लॉनी टोपी हातात धरून उभा होता, धुतलेली होती. तो काही बोलेल असं दोघींना वाटलं नव्हतं.

"तेवढं राहू दे की," तो हळूच म्हणाला. "दोन शब्द लिहायला काय जातं, काकू?"

वर्सीच बोलली, असं डेल्फियाला वाटलं. तोच आवाज, तीच मान खाली घालायची ढब. तिने लॉनीकडे बघितलं. चांगलं बराच वेळ बघितलं. त्याच्यावर तिचा जीव होता. तो अंगणात रांगत होता तेव्हापासून होता, त्याला आईविक्या म्हणाली तेव्हाही असणार. सांगायचं तर आत्ताच होतं.

तिने ट्वायलाकडून पेन घेतलं आणि होतं तसंच खाली सही केली. मग लॉनीपुढे दस्त सरकवून म्हणाली, "वाट सोळा फूट आहे का, ते आधी नीट वाच. मग सही कर."